सौम्य म्हणजे किती? पोलिसी बळाबद्दलच्या सोलापुरी मताची पार्श्वभूमी

‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.’ हे वाक्य वाचलं नाही असा मराठी वृत्तपत्रवाचक सापडणं कठीण. ‘करावा लागला’ म्हटलं की पोलिसांच्या मनात नव्हतं, हे आलं. ‘सौम्य’ म्हटलं की फार लागलं नाही, हेही आलं. ज्याच्या पोटरीवर वळ उठला, त्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

सोलापुरात या विषयाची सुरुवात १९३०पासून करायची प्रथा आहे. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत मे महिन्यात झालेला पोलिसांचा गोळीबार, जळालेली चौकी, मारले गेलेले शिपाई, पोलिसांशिवायचे ते काही दिवस, मग मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघा सोलापूरकरांना फाशी. हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याला ते पुन्हा काय सांगायचं? एवढंच नोंदवतो की पोलिस शहराबाहेर गेले तेव्हा स्वयंसेवकांनी रस्त्यावरची वाहतूक सांभाळली, याचा अभिमान इथे अजून सांगितला जातो. आणि हाच अभिमान सांगणारा माणूस पुढच्या वाक्यात ‘आता मात्र दांडका दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही’ असंही म्हणतो.

‘सौम्य’ हा शब्द कायद्यात नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ आणि तिच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ एवढंच सांगतं की जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, न ऐकल्यास बळाने पांगवायचं. किती बळ, हे त्या कलमात नाही. ते आहे पुढच्या कलमात, लष्कराला पाचारण केलं तर त्यासाठी: शक्य तेवढं कमी बळ, माणसांना आणि मालमत्तेला शक्य तेवढी कमी इजा. म्हणजे सैनिकाला जे बंधन कायद्याच्या मजकुरातच घातलंय, ते शिपायाला नियमपुस्तिका आणि न्यायालयांचे निकाल यांतून शोधावं लागतं. कलमांचे आकडे बदलले तेव्हा ही तफावत मिटवता आली असती. मिटवली नाही.

कायद्याने मोकळी सोडलेली ही जागा बातमीच्या भाषेने भरली, आणि ती भाषा कधीच तटस्थ नव्हती. शेतकऱ्यांवर काठी पडली की मथळ्यात ‘लाठीहल्ला’. कामगारांवर पडली की ‘लाठीमार’. पोलिसांच्या निवेदनात ‘बळाचा वापर’. रोडरोमिओंवर पडली की ‘चोप दिला’, ‘खाक्या दाखवला’, ‘प्रसाद दिला’. काठी तीच, पूर्वी बांबूची होती, आता बऱ्याच ठिकाणी फायबरची. मार कुणाला बसला त्यावर क्रियापद ठरतं. लोकमत पाहायचं असेल तर पाहणी नको, आठवडाभराचे मथळे पुरेत.

२०२०च्या टाळेबंदीत हा ‘प्रसाद’ प्रत्येकाच्या मोबाइलवर आला. उठाबशा, बेडूकउड्या, दुचाकीच्या मागच्या सीटवर सपकन बसलेली काठी. आमच्या गल्लीत एकाने खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढेपर्यंत त्याच्या पोटरीवर फटका बसला होता. त्याच संध्याकाळी तो स्वतः दुसऱ्या कुठल्या तरी गावातला तसाच व्हिडिओ हसत हसत दाखवत होता. मार्च संपेपर्यंत टाळ्या होत्या. मग ओळखीतले लोक मार खाऊ लागले आणि एप्रिलमध्ये सूर बदलला. टाळेबंदी मोडल्याची शिक्षा कायद्यात दंड आणि कैद अशी होती. फटका तीत नव्हता, हे तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही.

त्याआधी ६ डिसेंबर २०१९ची सकाळ. हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाचे चार संशयित पोलिसांच्या गोळीने मेले, आणि पोलिसांवर फुलं उधळली गेली. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोललं जातं, त्यामुळे ती बातमी इथे परकी नव्हती. टपरीवर चहाबरोबर ‘बरं केलं’ एवढंच ऐकू येत होतं. २०२२मध्ये चौकशी आयोगाने तो गोळीबार जाणूनबुजून, जीव घेण्यासाठी केला असं म्हटलं. ते आलं वृत्तपत्राच्या कोपऱ्यात.

२०२३ मात्र वेगळं गेलं. ११ जूनला आळंदीत वारकरी आणि पोलिसांची गाठ पडली. दृश्यं सगळ्यांनी पाहिली. सरकारी बाजूने सांगितलं की लाठीमार झालाच नाही, किरकोळ झटापट झाली. इथे तर ‘सौम्य’सुद्धा उरलं नाही. अडीच महिन्यांनी, १ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठ्या पडल्या आणि काही दिवसांत सरकारकडून दिलगिरी आली. दोन्ही वेळी मार खाणारा बहुसंख्यांना आपला वाटला. मार बरोबर की चूक यापेक्षा तो कुणाला बसला हाच प्रश्न असल्याचं याहून उघड दिसणार नाही.

प्रसंग चिघळू न देण्याच्या कौशल्याला मराठीत रुळलेला एक शब्द नाही. ‘समजूत काढली’, ‘मध्यस्थी केली’, फार तर ‘वातावरण निवळलं’. काम मात्र जुनं आहे. १९८४च्या दंगलीनंतर भिवंडीत एका पोलिस अधिकाऱ्याने वस्त्यावस्त्यांत रहिवासी आणि पोलिस यांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. आमच्या जिल्ह्यात हे काम दरवर्षी आषाढीला दिसतं. धर्मपुरीला ज्ञानेश्वरांची पालखी जिल्ह्यात शिरते तिथून पंढरपूरपर्यंत शिपायाच्या हातात काठी असते, पण उपयोगात येतो दोर, शिट्टी आणि एक शब्द. दोर छातीशी धरून, घामाने निथळत तो ओरडतो, ‘माउली, जरा मागं सरका... माउली, दोराखालून नको.’ समोरची म्हातारी त्यालाही माउलीच म्हणते आणि सरकते. एकादशी उलटल्यावर बातमी येते ती एका ओळीची: वारी शांततेत पार पडली.