अंथरूण ओले होण्यावरची गोळी आणि रात्रीचे पाणी

सात-आठ वर्षांचे मूल झोपेत अंथरूण ओले करते तेव्हा घरचे लोक आधी रागावतात, मग रात्री दोन-दोनदा उठवून बाथरूमला नेतात आणि थकल्यावर डॉक्टरांना विचारतात, 'यावर एखादी गोळी नाही का?' गोळी आहे आणि तिचे नाव डेस्मोप्रेसिन.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून रक्तात उतरणारे व्हासोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते. रात्री त्याचे प्रमाण वाढते, म्हणून पहाटेपर्यंत लघवी थोडी आणि दाट होते. काही मुलांमध्ये ही वाढ पुरेशी होत नाही. मूत्राशयात मावेल त्याहून अधिक लघवी साठते आणि ते भरल्याची जाणीव गाढ झोपेतून जाग आणण्याइतकी तीव्र नसते. यात मुलाचा आळस किंवा हट्ट कुठेच नसतो, त्यामुळे शिक्षेचा उपयोगही होत नाही.

व्हासोप्रेसिनची रचना अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी उलगडली. अशा संप्रेरकांवरील संशोधनासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या नऊ अमिनो आम्लांच्या साखळीत दोन ठिकाणी फेरफार करून डेस्मोप्रेसिन तयार झाले. ते शरीरात अधिक काळ टिकते आणि मूळ संप्रेरकाप्रमाणे रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब फारसा वाढवत नाही.

गोळीचा धोका मात्र तिच्या गुणातच आहे. मूत्रपिंडे पाणी अडवून धरत असताना मूल वरून पाणी पीतच राहिले, तर रक्तातील सोडियम पातळ होत जाते. डोकेदुखी, उलट्या आणि क्वचित प्रसंगी झटके येऊ शकतात. नाकात मारण्याच्या फवाऱ्याने असे प्रकार घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये अंथरूण ओले होण्यासाठी त्याचा वापर थांबवला. म्हणून गोळी घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी जेमतेम, गोळीपुरते. आपल्याकडे झोपताना पेलाभर दूध देण्याची जी पद्धत आहे, ती या मुलांसाठी संध्याकाळवर ढकलावी लागते. ताप, जुलाब किंवा उलट्या होत असतील त्या दिवसांत गोळी द्यायची नाही.

हे औषध लघवीचे प्रमाण त्या रात्रीपुरते कमी करते; ते आजार मुळातून घालवत नाही, त्यामुळे एकदम बंद केल्यावर अनेकांची गादी पुन्हा ओली होते. सहलीला किंवा शिबिराला जाताना ते फार सोयीचे आहे, आणि मूल चारचौघांत लाजेने कोमेजणार असेल तर ही सोय क्षुल्लक नाही. टिकाऊ परिणामासाठी मात्र ओलावा जाणवताच वाजणारा अलार्म अधिक भरवशाचा ठरतो. त्याला काही आठवडे चिकाटी लागते आणि घरातल्या सर्वांची झोपमोड होते, म्हणून पालक त्याला कंटाळतात.

इमिप्रामिन हे नैराश्यावरचे जुने औषधही १९६० पासून यासाठी वापरले गेले. त्याचा जास्त डोस हृदयाची लय बिघडवून जीवावर बेतू शकतो, त्यामुळे ते आता मागे पडले आहे. घरात असलेच तर धाकट्या भावंडांच्या हाती लागणार नाही असे कुलूपबंद ठेवावे.

कोणतीही गोळी सुरू करण्यापूर्वी बद्धकोष्ठतेची चौकशी व्हायला हवी, कारण मलाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते आणि नुसते पोट साफ झाल्याने काही मुले कोरडी राहू लागतात. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, सतत तहानलेले दिसले किंवा वजन घटू लागले, तर आधी रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी.