बालविकासाची पदवी की बालवाडीचा डिप्लोमा?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बोर्डी-डहाणूच्या बाजूला हा प्रश्न घरोघरी निघतो. मुलीला लहान मुलांची आवड आहे, मग दोन वर्षांत उरकणारा डिप्लोमा सोडून तीन-चार वर्षांची डिग्री कशाला? शेवटी शिकवायचं बालवाडीतच ना?

तीन वर्षांचा एक मुलगा अजून बोलत नाही, असं समजा. बालवाडीच्या ताईला त्याला गाण्यात, खेळात कसं ओढायचं आणि बाकीची पंचवीस पोरं सांभाळून त्याच्याकडे लक्ष कसं ठेवायचं, हे शिकवलेलं असतं. ते कसब मोठं आहे, कुणी कमी लेखू नये. बालविकास शिकलेली मुलगी मात्र आधी विचारते: त्याला ऐकू येतं का? हाक मारली तर वळतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? घरात वारली बोली आणि बालवाडीत मराठी, म्हणून तर गप्प नाही? विद्यापीठात हा विषय बहुधा गृहविज्ञान शाखेत ‘मानव विकास’ या नावाने असतो. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात तो आहे. गरोदरपणापासूनची वाढ, मेंदू, भाषा, आहार, कुटुंब, मुलाचं निरीक्षण करून नोंदी ठेवणं, असा त्याचा आवाका.

या दोन वाटा एकत्र कशा येतात, ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिलं. कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकट्या भावंडाला. म्हणून बालवाडी अंगणात गेली, शाळा कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला इथूनच मिळाला.

नोकरीचं म्हणाल तर डिप्लोमावाली मुख्यतः बालवाडीत शिकवते. पदवीधर मुलगी तेही करू शकते. शिवाय अंगणवाडी पर्यवेक्षिका, स्पर्धा परीक्षा देऊन बालविकास प्रकल्प अधिकारी, संस्थांमध्ये पालकांसोबतचं काम, अभ्यासक्रम तयार करणं. एक गोष्ट मात्र प्रवेशाआधीच समजून घ्या. मतिमंद किंवा कर्णबधिर मुलांची विशेष शिक्षिका व्हायचं असेल, तर ही पदवी पुरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम करून तिथे नोंदणी करावी लागते. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका, तेही वेगळंच.

अजून ठरत नसेल, तर मुलीला सुट्टीत महिनाभर गावच्या अंगणवाडीत सेविकाताईंना मदत करू द्या. रोज संध्याकाळी तिला विचारा, आज काय पाहिलंस? ती खेळ-गाण्यांबद्दल भरभरून बोलते, की त्या एका गप्प मुलाच्या घरी जाऊन यावं म्हणते, ते ऐका.