मतं तेवढीच, जागा अडतीस कमी

१३ मे २०२३ रोजी कर्नाटक विधानसभेची मतमोजणी झाली. काँग्रेस १३५, भाजप ६६, जनता दल (धर्मनिरपेक्ष) १९. भाजपचं सरकार गेलं. त्या रात्री मी जागांचा रकाना सोडून शेजारचा टक्केवारीचा रकाना वाचायला घेतला आणि एका आकड्यावर अडकलो. २०१८ मध्ये भाजपला ३६ टक्क्यांहून किंचित जास्त मतं होती, तेव्हा जागा होत्या १०४. आता मतं ३६ टक्के आणि जागा ६६. मतं जवळपास तेवढीच, जागा मात्र अडतीस कमी.

मग त्या जागा गेल्या कुठे? उत्तर तिसऱ्या पक्षाच्या आकड्यात आहे. जनता दल १८ टक्क्यांवरून १३ वर आला आणि काँग्रेस ३८ वरून ४३ वर गेली. कोणता मतदार कुठून कुठे गेला हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही, पण परिणाम उघड आहे. तिरंगी लढतीत ३६ टक्क्यांना पहिला नंबर मिळत होता. एक पाय लंगडा झाला, लढत बऱ्याच ठिकाणी सरळ झाली, आणि त्याच ३६ टक्क्यांना दुसरा नंबर मिळू लागला. आपल्या पद्धतीत दुसऱ्या नंबरला काहीच मिळत नाही.

हे ‘काहीच मिळत नाही’ किती कठोर आहे, ते मतमोजणीच्या हॉलमध्ये कळतं. एका विधानसभा मतदारसंघासाठी साधारण १४ टेबलं मांडलेली असतात. टेबलावर मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट येतं, सील तपासलं जातं, निकालाचं बटण दाबलं की उमेदवारांचे आकडे एकामागून एक उमटतात. जाळीपलीकडे बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी ते कागदावर उतरवून घेतात. सगळी टेबलं झाली की एक फेरी. अशा वीस-पंचवीस फेऱ्यांत लाखो मतांचा हिशेब लागतो, अगदी एकेका मताचा. आणि एवढ्या काटेकोर हिशेबातून विधानसभेपर्यंत पोचते ती एकच गोष्ट: पहिला कोण आला.

२००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी ६२,२१५ मतं घेऊन हरले, कारण समोरच्याला ६२,२१६ होती. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, शिरपूरचा १,४५,९४४ मतांनी. दोन्हीकडून मुंबईला एकेक आमदारच गेला. शिरपूरमधलं ते प्रचंड मताधिक्य शेजारच्या तालुक्याला उसनं देता येत नाही.

आता सत्तापालटाचं गणित. शंभर मतदारांच्या गावात एका पक्षाला ५१ आणि दुसऱ्याला ४९ मतं आहेत असं धरा. पुढच्या खेपेला ९९ जण जिथल्या तिथे राहिले आणि एकानेच बाजू बदलली, तर निकाल ५०-५०. दोघांनी बदलली तर ४९-५१, म्हणजे सत्ता पालटली. बाजू बदलणारा माणूस एकीकडून एक मत कमी करतो आणि दुसरीकडे एक वाढवतो, म्हणून अंतर दोनने बदलतं. चार टक्क्यांनी जिंकलेली जागा पाडायला दोन टक्क्यांहून जरासे जास्त मतदार पुरतात.

हेच राज्यभर कसं दिसतं? प्रत्येक मतदारसंघात पक्षाला किती टक्के मतं पडली त्याचा आलेख काढला, तर तो बहुधा घंटेच्या आकाराचा येतो. फार कमी जागी ३० टक्के, फार कमी जागी ७०, आणि मोठी गर्दी मधल्या फुगवट्यात. दुरंगी लढत असेल तर ५० टक्क्यांची रेषा हा विजयाचा उंबरठा, आणि लढत चुरशीची असेल तर तो नेमका त्या गर्दीच्या मधोमध येतो. आता अख्खी घंटा दोन टक्के डावीकडे सरकवा. घंटा फारशी हललेलीच नाही, पण उंबरठ्यापाशी उभ्या असलेल्या कितीतरी जागा एकदम पलीकडे गेल्या. राजकारणातली माणसं ज्यांना ‘काठावरच्या जागा’ म्हणतात त्या ह्याच.

हिमाचल प्रदेशात २०२२ मध्ये काँग्रेसला ४३.९ टक्के आणि भाजपला ४३ टक्के मतं पडली. साऱ्या राज्यात मिळून अंतर ३७,९७४ मतांचं, क्रिकेटच्या एखाद्या मोठ्या स्टेडियममध्ये सहज मावेल एवढं. जागा मात्र ४० आणि २५. भोरंजची जागा काँग्रेसने ६० मतांनी काढली.

मतांतला छोटा फरक जागांत असा फुगतो, त्याला काही नियम आहे का, हा प्रश्न जुना आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमध्ये निवडणूक पद्धतींची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे जेम्स पार्कर स्मिथ यांनी एक सूत्र मांडलं. दोन पक्षांच्या मतांचं जे गुणोत्तर असेल, त्याच्या घनाच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. मतं ५५ आणि ४५ असतील तर ५५ चा घन १,६६,३७५ आणि ४५ चा ९१,१२५, म्हणजे जागा साधारण ६५ आणि ३५. पुढे १९५० मध्ये केंडॉल आणि स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी यामागचं कारण दाखवून दिलं. हा घन काही निसर्गाचा नियम नाही. घंटा एका विशिष्ट रुंदीची असेल तर हे सूत्र लागू पडतं आणि त्या काळच्या ब्रिटनमध्ये ती तेवढी रुंद होती.

मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते ती ही रुंदीची गोष्ट. दिल्लीत २०१५ मध्ये आम आदमी पक्षाला ५४.३ टक्के आणि भाजपला ३२.२ टक्के मतं होती. घनाच्या सूत्राने ७० पैकी ५८ च्या आसपास जागा यायला हव्या होत्या. आल्या ६७. दिल्ली म्हणजे एकमेकांना चिकटलेले शहरी मतदारसंघ, वारं सगळीकडे जवळपास सारखं वाहतं. घंटा अरुंद, त्यामुळे सरकली की जवळपास सगळीच उंबरठ्यापलीकडे. सिक्कीममध्ये २०२४ ला सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाने ५८ टक्के मतांवर ३२ पैकी ३१ जागा घेतल्या. राज्य जितकं एकजिनसी, तितका निकाल एकतर्फी. डोंगर, पठार, किनारा, जाती, भाषा यांनी विभागलेल्या राज्यात घंटा पसरट असते आणि विरोधकांचे बालेकिल्ले त्यांना वाचवतात.

बालेकिल्ला मात्र महागही पडतो. तिथे गरजेपेक्षा जास्त पडलेलं प्रत्येक मत जागेच्या हिशेबात वाया जातं. मध्य प्रदेशात २०१८ मध्ये भाजपला ४१.०२ टक्के मतं होती आणि काँग्रेसला ४०.८९. मतं भाजपची जास्त, पण जागा १०९; काँग्रेसच्या ११४. बहुमताला ११६ लागत होत्या. कमी मतांच्या पक्षाने लहान पक्ष आणि अपक्षांच्या टेकूवर सरकार बनवलं. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं, एकाची मतं जास्त सोयीच्या ठिकाणी पडली होती इतकंच.

दोनाहून अधिक पक्ष असले की उंबरठा ५० वर राहत नाही, खाली सरकतो. भारतात हेच नेहमीचं. अशोक लाहिरी, प्रणय रॉय आणि डेव्हिड बटलर यांनी त्यासाठी ‘विरोधी ऐक्य निर्देशांक’ वापरात आणला: विरोधातल्या एकूण मतांपैकी किती टक्के सर्वात मोठ्या विरोधी पक्षाकडे एकवटली आहेत. कर्नाटकात भाजपला न मिळालेल्या मतांवर मी हाच हिशेब केला. २०१८ मध्ये त्यातली सुमारे ६० टक्के काँग्रेसकडे होती, २०२३ मध्ये ६७. अडतीस जागांचा बराचसा खुलासा या सात टक्क्यांत होतो.

उलट्या बाजूने पाहायचं तर उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाचा उतरता आलेख बघा. २००७ मध्ये ३० टक्के मतांवर ४०३ पैकी २०६ जागा, म्हणजे एकट्याचं बहुमत. २०१२ मध्ये २६ टक्के आणि ८० जागा. २०१७ मध्ये २२ टक्के आणि १९. २०२२ मध्ये जवळपास १३ टक्के आणि एक. चारच टक्के घसरले आणि सव्वाशे आमदार गेले. आणि २०२२ ची ती १३ टक्के मतं म्हणजे एक कोटीहून अधिक माणसं होती हे विसरून चालणार नाही. त्यांच्या वाट्याला सभागृहात एक खुर्ची आली. हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

आता आपल्या घरचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून ४८ टक्के मतं आणि २३० जागा मिळाल्या, महाविकास आघाडीच्या तिघांना ३४ टक्के आणि ४६. इथे मतांतच मोठी उलथापालथ झाली होती, कारण पाचच महिन्यांपूर्वी लोकसभेला दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत होत्या. तेव्हा मतांमधलं अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी होतं आणि तरी जागा महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ अशा पडल्या. म्हणजे लोकसभेला लाट नसताना जागांनी लाट दाखवली, आणि विधानसभेला असलेली लाट आणखी उंच करून दाखवली.

यातलं सर्वात बोलकं उदाहरण दोन राष्ट्रवादींचं. शरद पवारांच्या पक्षाला राज्यात ११.२८ टक्के मतं आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि ४१. पहिल्याने ८६ जागा लढवल्या होत्या, दुसऱ्याने ५९. ढोबळमानाने सगळे मतदारसंघ सारखे धरून भागाकार केला तर लढवलेल्या जागी एकाला सरासरी ३८ टक्के मतं येतात, दुसऱ्याला ४४. कुणाच्या पाठीशी किती लोक, एवढं विचारलं तर उत्तर एक. उंबरठा किती ठिकाणी ओलांडला, असं विचारलं तर दुसरं. निकालाच्या दिवशी पडद्यावर दिसतं ते फक्त दुसरं, आणि चर्चा मात्र पहिलं कळल्यासारखी चालते. वाहिन्यांनी जागांच्या पट्टीखाली मतांची पट्टी दाखवलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्याला काही खर्च नाही.

या गणिताचा परिणाम सभागृहात लगेच दिसला. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार हवेत असा संकेत. राज्यातल्या एक तृतीयांश मतांचे धनी असलेल्या आघाडीत सर्वात मोठ्या पक्षाकडे होते २०. पदाचा प्रश्न लोंबकळत पडला.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, सूचना घटना समितीत आली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला: देशात साक्षरता कमी, पसंतीक्रम लिहिण्याची पद्धत लोकांना अवघड जाईल, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही. साक्षरता आज तेव्हासारखी नाही. स्थैर्याचा मुद्दा अजूनही वजनदार आहे, विशेषतः ज्यांनी त्रिशंकू विधानसभा पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी.

गंमत अशी की ही पद्धत महाराष्ट्राला परकी नाही. विधान परिषदेवर सदस्य पाठवताना आमदार पसंतीक्रमानेच मत देतात. जुलै २०२४ मध्ये ११ जागांसाठी २७४ आमदार मतदार होते. २७४ ला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे १२ ने भागायचं, पुढचा पूर्णांक धरायचा: २३. ज्याच्याकडे २३ मतं तो निवडून आला, वरची शिल्लक मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे गेली. मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे आकडे लिहिणाऱ्या त्या प्रत्येक आमदाराला स्वतःच्या मतदारसंघात मात्र फक्त पहिलं यावं लागलं होतं.