नेत्रद्रवातील निदर्शक प्रथिने आणि मधुमेही दृष्टिपटलविकार

मधुमेहात डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, बंद पडतात आणि पुढे तिथे नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात. हा बिघाड अश्रू, जलीय द्रव आणि काचाभ द्रव यांतील काही प्रथिनांच्या वाढ-घटीत दिसतो. अशा प्रथिनांना निदर्शक प्रथिने किंवा प्रोटीन बायोमार्कर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘शुगरमुळे पडदा खराब झाला’ असे ज्याला म्हणतात, त्या आजारामागची रासायनिक घडामोड या प्रथिनांवरून वाचता येते. मात्र ही अजून मुख्यतः संशोधनातली तपासणी आहे.

तीन द्रव

काचाभ द्रव, म्हणजे व्हिट्रिअस, पडद्याला लागूनच असतो. त्याचे आकारमान सुमारे ४ मिलिलिटर असते आणि त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते. पडद्यात जे घडते ते आधी इथे उतरते. पण तो काढायला व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे काचाभ द्रव काढण्याची शस्त्रक्रिया, लागते आणि ती वेळ येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. जलीय द्रव भिंगापुढच्या कप्प्यात, जेमतेम पाव मिलिलिटर असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तो एरवी वाहूनच जातो, म्हणून संमती घेऊन ठेवून घेता येतो. अश्रू सर्वांत सोपे, पण डोळ्यावर एका वेळी सुमारे ७ मायक्रोलिटरच असतात आणि पडद्यापासून फार दूर. थोडक्यात, द्रव जितका पडद्याजवळचा तितकी त्याची साक्ष भरवशाची, आणि तितकाच तो मिळायला अवघड.

कोणती प्रथिने

पहिला मान व्हीईजीएफ या रक्तवाहिनी-वाढ घटकाचा. प्राणवायू कमी पडलेला पडदा ते सोडतो. त्याने वाहिन्या गळतात आणि नव्या फुटतात. १९९४ मध्ये संशोधक लॉइड आयेलो आणि सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांच्या नेत्रद्रवाचे २१० नमुने तपासले. नव्या वाहिन्या सक्रिय असलेल्या डोळ्यांत हे प्रथिन वाढलेले आढळले, यशस्वी लेसरनंतर ते उतरले, आणि जलीय द्रवापेक्षा काचाभ द्रवात ते अधिक होते. रॅनिबिझुमॅब, अ‍ॅफ्लिबरसेप्ट ही डोळ्यात देण्याची इंजेक्शने याच प्रथिनाला बांधतात. त्याच्या उलट, नव्या वाहिन्या रोखण्याचे काम करणारे पीईडीएफ हे प्रथिन आजाराच्या पुढच्या टप्प्यात घटते.

काही रुग्णांची पडद्यावरची सूज व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनांनी पुरेशी उतरत नाही. अशा डोळ्यांत इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, एमसीपी-१ ही दाहाची प्रथिने पाहण्यासारखी असतात, कारण तिथे स्टेरॉइडचा विचार करावा लागतो. अर्थात त्याने डोळ्याचा दाब आणि मोतीबिंदू वाढण्याचा धोका असतोच. वाहिन्या कमकुवत करणारे अँजिओपोएटिन-२ हे औषधांचे आणखी एक लक्ष्य. ते आणि व्हीईजीएफ दोन्ही रोखणाऱ्या फॅरिसिमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यात रक्तस्राव झाल्यावर फुटलेल्या तांबड्या पेशींतून कार्बॉनिक अनहायड्रेज-१ हे विकर (एन्झाइम) बाहेर पडते आणि कॅलिक्राइन या दुसऱ्या विकराच्या वाटेने गळती आणखी वाढवते. अश्रूंत लिपोकॅलिन-१, टीएनएफ-अल्फा आणि चेतावृद्धी घटक यांचे बदल नोंदले गेले आहेत.

नमुना घेणे

अश्रूंसाठी ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब शर्मर पट्टीचे (अश्रू टिपणाऱ्या कागदी पट्टीचे) वाकवलेले टोक खालच्या पापणीत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवतात आणि ५ मिनिटांनी काढतात. ओल कुठवर चढली तिथे लगेच पेन्सिलीने खूण करतात. उशीर झाला की ओल पुढे सरकते. भूल न देता लावलेली पट्टी टोचते, डोळा भळाभळा वाहतो आणि रक्तातून झिरपलेली प्रथिने विरळ होतात. चुलीच्या धुरातून किंवा निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीतून थेट आलेल्या माणसाला म्हणून आधी थोडा वेळ बसवावे. त्यात मधुमेहींचे डोळे बऱ्याचदा कोरडे असतात. पाणीच कमी असले की सगळीच प्रथिने दाट दिसतात, आणि पडद्याशी त्याचा काही संबंध नसतो.

जलीय द्रवासाठी पोव्हिडोन आयोडीन लावून, ३० गेजच्या सुईने, भिंगाला धक्का न लावता सुमारे ०.१ मिलिलिटर द्रव घेतात.

काचाभ द्रव व्हिट्रेक्टॉमीच्या अगदी सुरुवातीला, सलाइनचा प्रवाह उघडण्याआधी ०.५ ते १ मिलिलिटर काढतात. हा क्रम चुकला की आकडा गेला. ०.५ मिलिलिटर द्रवात तेवढेच सलाइन मिसळले तर ८०० हे ४०० दिसते, आणि मिसळण किती झाली हे नंतर सांगता येत नाही. एकूण प्रथिनांशी गुणोत्तर काढून हे सावरायचा प्रयत्न होतो. पण गळतीने रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिनही वाढलेले असते, म्हणजे भागायचा आकडाच फुगलेला. हा उपाय फारसा विश्वासाचा नाही.

साठवण आणि मोजणी

नमुना बर्फावर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, प्रथिने कमी चिकटतील अशा नळ्यांत लहान भागांत वाटून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. वाटणी आधीच करायची, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागत नाही. घरगुती धर्तीचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज इथे घातकच, कारण त्याचे तापमान वर-खाली होत राहते. तालुक्याच्या गावी लाईट गेली तर जनरेटर आहे का हे आधी पाहावे. नसेल तर नमुना ड्राय आइसमध्ये त्याच दिवशी पुढे पाठवावा.

एकदोन प्रथिनांसाठी एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिन पकडून मोजणारी चाचणी, पुरते. अनेक प्रथिने एकदम मोजायला मणी-आधारित मल्टिप्लेक्स, आणि नवी शोधायची तर रेणूंच्या वस्तुमानावरून ओळख पटवणारी मास स्पेक्ट्रोमेट्री. काचाभ द्रव हायल्युरोनिक आम्लामुळे चिकट असतो, पिपेटमध्ये नीट माप येत नाही. इंजेक्शन घेतलेल्या डोळ्यात औषधाला बांधलेले व्हीईजीएफ काही एलायझांना दिसतच नाही आणि आजार शमल्यासारखा वाटतो. सीमाभागात ही चूक सहज होते. इथले रुग्ण बेळगावखेरीज हुबळी, मिरज, कोल्हापूरलाही उपचार घेतात, आणि शेवटचे इंजेक्शन कधी दिले ते दुसऱ्याच फायलीत राहते. नमुन्याच्या नोंदीत तारीख, औषध आणि कोणता डोळा एवढे तरी हवेच. संमतीपत्रही रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, द्यावे.

प्रत्यक्ष तपासणी

आज निदान पडदा पाहूनच होते, सूज ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, मोजली जाते. प्रकार २ मधुमेहात निदान होताच, प्रकार १ मध्ये ५ वर्षांनी पहिली तपासणी, आणि पुढे सहसा दरवर्षी. ट्रॉपिकामाइडचे थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला २०–३० मिनिटे लागतात आणि काही तास जवळचे धूसर, उजेड बोचरा वाटतो. खानापूर-हुक्केरीहून मोटारसायकलवर येणाऱ्याने परतीला गाडी चालवणारे कोणीतरी बरोबर आणावे.