स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा : बसवण्यापूर्वी व वापरताना घ्यावयाची काळजी

आमच्या दुकानातून एक्झॉस्ट पंखा नेलेले काही ग्राहक महिनाभराने येऊन सांगतात की पंखा फिरतो, आवाजही करतो, पण धूर काही जात नाही. घरी जाऊन पाहिले तर बहुतेक वेळा पंख्यात दोष नसतो. दार लोटलेले असते, खिडकीला प्लास्टिक ठोकलेले असते आणि बाहेरची हवा आत येण्यास वाटच उरलेली नसते. खोलीत जेवढी हवा येईल तेवढीच पंखा बाहेर टाकू शकतो. म्हणून पंख्याची जागा ठरवताना हवा कोठून येणार हे आधी ठरवावे.

जुन्या कवेलूच्या घरात चुलीचा धूर फटींतून आपोआप निघून जात असे. स्लॅबच्या घरात ती सोय राहिली नाही, आणि घरकुलातील लहान स्वयंपाकघरात तर एका फोडणीने सगळ्या घराला ठसका लागतो.

मोठा पंखा की लहान?

स्वयंपाकघरातील हवा तासाला साधारण १५ ते २० वेळा बदलली जावी, असा हिशेब धरतात. खोली १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि १० फूट उंच असेल तर तिच्यात ८०० घनफूट, म्हणजे सुमारे २३ घनमीटर हवा मावते. तेव्हा तासाला ३४० ते ४५० घनमीटर हवा फेकणारा पंखा हवा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. मात्र तो मोकळ्या हवेतील असतो. जाळी आणि झडपा लावल्यावर प्रत्यक्षात हवा कमी जाते, म्हणून हिशेबापेक्षा थोडा जास्त क्षमतेचा पंखा घ्यावा. विजेच्या बिलाची काळजी करू नये : ४० वॅटचा पंखा रोज ३ तास चालला तरी महिन्याला ३.६ युनिट होतात.

जागा

पंखा छताखाली, उंचावर बसवावा, कारण गरम धूर वरच जमा होतो. जमिनीपासून किमान साडेसात फूट उंची असावी, म्हणजे लहान मुलांचा हात पात्यांपर्यंत जाणार नाही. तेवढी उंची मिळत नसेल तर आतून घट्ट जाळी लावल्याशिवाय पंखा चालू करू नये. शेगडीच्या अगदी वर तो कधीही बसवू नये, कारण ज्वाळेच्या उष्णतेने आणि तेलकट वाफेने मोटर लवकर खराब होते, आणि कढईने पेट घेतल्यास ज्वाळ थेट पंख्यातील तेलकट थरापर्यंत पोहोचते. हवा येण्याचे दार किंवा खिडकी पंख्याच्या समोरच्या बाजूस असावी. खिडकीला लागूनच पंखा बसवला तर तो खिडकीतील ताजी हवाच ओढून परत बाहेर टाकतो आणि धूर खोलीत तसाच राहतो. सुरुवातीच्या काळात ही चूक आमच्याकडूनही झालेली आहे. दार बंद ठेवावे लागत असेल तर खालच्या बाजूस सुमारे एक चौरस फुटाची जाळीदार मोकळी जागा ठेवावी.

मातीच्या भिंतीत पंखा थेट बसवू नये. कंपनाने माती सुटते व पंखा हलू लागतो. आधी लाकडी किंवा लोखंडी चौकट पक्की करून घ्यावी. भोकाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे पावसाळ्यात झडीचे पाणी आत येणार नाही. पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे असू नये. आमच्या अनुभवात याचा वाद पंख्याच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

उन्हाळ्यात कूलर लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कूलर हवा आत ढकलतो आणि एक्झॉस्ट ती बाहेर ओढतो, त्यामुळे दोन्हींची जोडी चांगली जमते. मात्र दोन्ही एकाच भिंतीला जवळजवळ असतील तर बाहेर गेलेला तेलकट धूर कूलरच्या ताट्यांतून पुन्हा घरात येतो.

वीज

पंख्याला तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतील अर्थिंग आवश्यक आहे. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात व अर्थिंगची जागा कोरडी होते. अशा वेळी त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. बटण फेजच्या (वीज घेऊन येणाऱ्या) तारेवरच असावे, कारण ते न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेले असेल तर बंद केल्यावरही पंख्यात वीज राहते. टिनाच्या भिंतीतून तार नेताना ती पाइपमधूनच न्यावी. टिनाच्या काठाने तारेचे आवरण कापले गेले तर संपूर्ण भिंतीत वीज उतरते. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणारे बटण) बसवून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे, मग तो आमच्याकडून घ्या किंवा अन्य कोठून.

गॅस, चूल आणि पंखा

गॅसचा वास आल्यास तो घालवण्यासाठी पंखा लावू नये. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, वरच्या पंख्याने तो निघत नाही. उलट बटणाची ठिणगी स्फोटाला पुरेशी ठरते. चालू पंखाही त्या वेळी बंद करू नये. कोणत्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

पऱ्हाटी, तुराट्या किंवा गोवऱ्यांची चूल असेल आणि तिला धुराडे असेल, तर खिडकी बंद ठेवून पंखा लावल्यास तो धुराड्यातून हवा उलटी ओढतो आणि धूर खोलीत पसरतो. स्वयंपाकघराला लागून गॅस गिझर असेल तर हीच गोष्ट अधिक घातक ठरते, कारण त्याच्या विषारी वायूला रंग किंवा वास नसतो. अशा घरी आम्ही आधी खिडकी उघडी राहील याची व्यवस्था पाहतो आणि मगच पंखा बसवतो.

सफाई

पाती व जाळी महिन्यातून एकदा पुसावी. तळण जास्त होत असेल तर पंधरा दिवसांनी. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. काढता येणारे भाग कोमट साबणाच्या पाण्याने धुवावेत, मोटरवर पाणी मारू नये. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, असे झाल्यास काठीने ढकलून सुरू न करता लगेच बंद करावा; कपॅसिटर (मोटरला फिरण्यासाठी जोर देणारा भाग) गेला असण्याची शक्यता असते आणि तसाच ठेवल्यास मोटर जळते.

नवीन पंखा घेण्यास येताना खोलीची लांबी, रुंदी व उंची फुटांत लिहून आणावी, छत कशाचे आहे आणि स्वयंपाक गॅसवर होतो की चुलीवर, हेही सांगावे.