हात सुधारला, की हाताशिवाय भागायला लागलं?

"बाबा आता स्वतः शर्ट घालतात, म्हणजे हात सुधारला." स्ट्रोकनंतर घरोघरी हे वाक्य ऐकू येतं. फाइलमध्येही तेच असतं: बार्थेल (रोजची कामं स्वतः करण्याचे गुण) 60 वरून 90, 'चांगली सुधारणा'. शर्ट घालता येणं ही मोठीच गोष्ट आहे. पण तो डाव्या हाताने चढवला असेल, तर लकव्याच्या उजव्या हाताबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

काठी, पायातलं स्प्लिंट, एका हाताने लावलेली बटणं ही झाली भरपाई, म्हणजे मूळ हालचाल परत न येता दुसऱ्या मार्गाने काम भागवणं. ती सगळ्यांच्या ओळखीची. 1965 सालचा बार्थेल इंडेक्स 100 गुणांत हे स्वावलंबनच मोजतो. डाव्या हाताने जेवलात तरी गुण पूर्ण, आणि ते योग्यच आहे. 1975 साली स्वीडनमध्ये तयार झालेली फ्युगल-मायर चाचणी वेगळं विचारते: खांदा, कोपर, मनगट, बोटं यांची मूळ हालचाल किती परत आली? हाताला एकूण 66 गुण. पहिला आकडा चढतो आणि दुसरा जागचा हलत नाही, असं अनेकदा घडतं.

खरा घोटाळा होतो लकव्याच्याच हाताने काम होऊ लागतं तेव्हा. हात तर तोच, मग सुधारणाच ना? नाही. टेबलावर, हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर रिकामा स्टीलचा पेला ठेवा आणि बाजूने बघा. मूळ हालचाल परत येत असेल तर पाठ खुर्चीलाच राहते, कोपर सरळ होतं, मनगट किंचित वर उचललं जातं आणि पेल्याला लागण्याआधीच बोटं उघडतात. भरपाईत कंबरेपासून अख्खं धड पुढे झुकतं, खांदा कानाकडे चढतो, कोपर बाहेर फाकतं. मनगट खाली पाडलं की स्नायुबंध ताणले जाऊन बोटं आपोआप थोडी उघडतात, त्या फटीत पेला अडकवला जातो. पेला उचलला गेला, पण कोपर आणि बोटांना कामच पडलं नाही. असे दिवसाला शंभर पेले उचलले तरी सराव धडाचाच होतो. म्हणून सरावात फिजिओ छातीवरून रुंद पट्टा घेऊन पाठ खुर्चीला धरून ठेवतात आणि पेला जवळ आणतात. अंतर कमी चालेल, झुकणं नको.

याच कारणासाठी रबरी चेंडू दाबायला देण्याची पद्धत बंद व्हायला हवी. मूठ वळवणारे स्नायू बहुतेकदा आधीच ताठ असतात. अडतं ते उघडण्यावर. डोक्यावरच्या पुलीने हात खेचणं त्याहून वाईट, त्याने खांदा दुखावतो.

लकव्याचा हात वापरावाच लागावा म्हणून चांगला हात बांधून ठेवण्याचा उपायही असाच अर्धवट उचलला जातो. 2006 च्या एक्साइट चाचणीत 222 रुग्ण होते, स्ट्रोकला 3 ते 9 महिने झालेले. दोन आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ चांगल्या हातावर हातमोजा, आणि सोबत रोज तासन्‌तास सराव. फायदा झाला. पण मनगट आणि बोटं निदान 10 अंश स्वतःहून उघडणारेच रुग्ण त्यात घेतले होते. अजिबात न हलणाऱ्या हातासाठी चांगला हात बांधला, तर माणूस फक्त परावलंबी होतो.

भरपाई वाईट नाही. नेदरलँड्समधल्या अभ्यासात पहिल्या 72 तासांत थोडी बोटं उघडणाऱ्या आणि खांदा बाजूला उचलणाऱ्या रुग्णांत सहा महिन्यांनी हाताने काही काम करता येण्याची शक्यता 98 टक्के निघाली, दोन्ही न जमणाऱ्यांत 25 टक्के. पहिल्या गटात भरपाई लवकर शिकवणं म्हणजे हाताची संधी घालवणं. दुसऱ्या गटात ती वेळेवर न शिकवणं हा अन्याय आहे.

भारतातल्या 14 केंद्रांवरच्या, 1250 रुग्णांच्या अटेंड चाचणीत (2017) घरच्यांना व्यायाम शिकवलेल्या आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या अशा दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन 47 टक्केच राहिलं. यावरून 'घरी केलेल्या व्यायामाने हात सुधारत नाही' म्हणणं चूक आहे. तिथला मुख्य निकष परावलंबनाचा होता, कोपर किती सरळ होतं याचा नाही.

घरी एवढं करा: दर पंधरा दिवसांनी तीच खुर्ची, तोच पेला, तेच अंतर ठेवून बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पाठ आणि खुर्चीतली फट किती पडते ते बघा, आणि व्हिडिओ फिजिओला दाखवा.