पुढच्या एक्सलचं साल: वादाची पार्श्वभूमी

जुन्या गाडीला लागलेला पुढचा एक्सल, म्हणजे पुढची दोन चाकं धरणारा आडवा दांडा, कोणत्या सालचा, यावर नागपुरात पूर्वी वाद व्हायचा तो जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या मैदानावर, दोन-चार गुण कापण्यापुरता. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे केंद्रीय नियम आले आणि मैदानावरचा वाद फायलीत शिरला.

सुरुवातीच्या काळात फार अडकायचं कारण नाही. फोर्ड मॉडेल टीचा पुढचा रेडियस रॉड (एक्सल मागे-पुढे सरकू न देणारा दांडा) १९१८ पर्यंत एक्सलच्या वरून जोडलेला असे, १९१९ पासून खालून. चाकांत बॉल बेअरिंगऐवजी रोलर बेअरिंगही १९१९ पासून येऊ लागल्या. टीच्या एक्सलचं टोक दुभंगलेलं आणि स्टब, म्हणजे चाक बसतं तो वळणारा तुकडा, त्या बेचक्यात. १९२८ च्या मॉडेल ए-पासून उलटं झालं, टोकाला नुसता डोळा (भोक) आणि बेचकं स्टबला. शिवाय टीला पुढे ब्रेकच नव्हते. या दोन पिढ्यांत गल्लत करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

गुंता आहे तो तीसच्या दशकात. फोर्डच्या कॅटलॉगात ३०१० म्हणजे पुढचा एक्सल. त्याच्या आधी ए असेल तर १९२८ चं मॉडेल, ४० असेल तर १९३३, ४८ म्हणजे १९३५, ७८ म्हणजे १९३७, ९१ए म्हणजे १९३९. हे कोष्टक बहुतेकांना तोंडपाठ असतं आणि तिथेच घात होतो. आकडा सांगतो तो भाग पहिल्यांदा कोणत्या मॉडेलसाठी काढला ते. समोर पडलेला नग कधी घडवला गेला, याबद्दल तो मुका. एखादा भाग चालला तर पुढची कितीतरी वर्षं त्याच आकड्याने विकला जाई. म्हणजे आकड्यावरून "याच्या आधीचा नाही" एवढं म्हणता येतं. "याच सालचा" म्हणणं ही हौस झाली.

सरळ एक्सल दिसला की गाडी जुनी, हा दुसरा गैरसमज. शेव्हरोलेने १९३४ मध्ये महागड्या मास्टर मॉडेलला पुढच्या दोन्ही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, पण त्याच वर्षीची स्वस्त गाडी सरळ एक्सलवरच राहिली. फोर्डने तर १९४८ पर्यंत तो सोडला नाही. ब्रेक जास्त बोलका असतो: फोर्डमध्ये हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाचे, ब्रेक १९३९ ला आले, तेव्हा १९३४ च्या एक्सलवर त्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरवाली प्लेट दिसली तर ती मागाहून बसवलेली.

सर्वात कमी पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे आटे. अमेरिकन गाडीच्या स्टबचे आटे ६० अंशांचे, इंग्रजी व्हिटवर्थ किंवा बीएसएफ या मापांचे ५५. थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून उजेडाकडे धरला की फट दिसते. अमेरिकन स्टबवर ५५ अंशांचे आटे म्हणजे तो इथल्याच कुठल्यातरी लेथवर, हाताशी होतं त्या नटाच्या मापाने परत कापलेला. आणखी एक खूण: मॉडेल ए उजव्या स्टिअरिंगची असेल, तर ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) हात उजव्या स्टबला हवा. तो डावीकडे दिसला, किंवा डावीकडचा कापून घासल्याची खूण असली, तर एक्सल डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा.

असे अदलाबदल झालेले एक्सल आपल्याकडे इतके का, याचं उत्तर पन्नाशीच्या दशकात आहे. फोर्ड आणि शेव्हरोलेवाली जनरल मोटर्स या दोन्ही मोठ्या अमेरिकन कंपन्या १९३० च्या आसपासपासून मुंबईत गाड्या जोडत होत्या. १९५३-५४ च्या सुमाराला दोन्ही बाहेर पडल्या. इथेच बनवायची योजना नसेल तर नुसती जोडणी नको, असं सरकारी धोरण होतं. देशी उद्योगाला त्याचा फायदा झाला असेल, मात्र जुन्या गाडीवाल्याचे सुटे भाग त्या दिवसापासून कबाड्याकडे गेले. मुंबईला निदान बंदर तरी होतं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी, गाड्या भरपूर, पण भाग येणार ते रेल्वेनं, नाहीतर दुसऱ्या गाडीखालून. किंगपिनला (स्टब ज्यावर वळतो त्या खिळीला) इथेच पितळी बुश कातले गेले, स्टब अदलाबदल झाले, चांगले एक्सल किंगपिन वेल्डिंगने जाम करून बैलबंडीखाली गेले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ही दुरुस्ती आता "बनावट" ठरवली जाते, हे मला पटत नाही.

आणि इथे २०२१ चा नियम येतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. एक्सल हा शब्द त्यात नाही. म्हणून एक बाजू म्हणते, एक्सल बदलला तरी हरकत नाही. दुसरी बाजू विचारते, ट्रक घेताना "चासी घेतली" म्हणतो, तेव्हा इंजिन, एक्सल, चाकं सगळं धरूनच म्हणतो ना? मग पुढचा एक्सल चासीतच आला. गॅरेजमधल्या बोलण्यात दुसरी बाजू बरोबर आहे. पण चासी नंबर ठोकलेला असतो तो फ्रेमवर, एक्सलवर नव्हे, आणि नोंदणीचं पुस्तक त्याच नंबरावर चालतं. शिवाय नियम चासीनंतर इंजिन वेगळं मोजतो. चासीत सगळंच येत असतं तर ते वेगळं सांगायची गरज नव्हती. माझा कौल त्यामुळे पहिल्या बाजूला, एका अटीवर: एक्सल त्याच घराण्यातला हवा आणि त्यासाठी फ्रेम कापलेली नको. १९५५ ला बसवलेला १९३७ चा एक्सल आणि परवा जीपखालून काढून वेल्डिंगने चिकटवलेला एक्सल यांना एका मापाने मोजणारा परीक्षक गाडीखाली शिरलाच नसावा.

नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पहिल्या वर्षी नोंदलेल्या गाड्या २०३१ मध्ये पुन्हा आरटीओच्या खिडकीवर येतील. तोवर एक्सलचे फोटो, आट्यांचं माप आणि जुन्या दुरुस्तीची पावती असेल तर ती, चासी नंबरासोबत त्याच फायलीत लावून ठेवलेली बरी.